किती ओळी आत गेल्या

प्रतापरावांनी हेमलता सरमंडलला नोकरीवर घेतलं, तेव्हा देवासातल्या चार लोकांनी त्यांना समजावून पाहिलं. साल शहाऐंशी. कारखान्यांच्या वसाहतीत त्यांनी नुकतंच 'मालव संगणक केंद्र' काढलं होतं. आसपासच्या कारखान्यांचे पगार आणि मालाचे हिशेब तिथं होत, आणि कपाटाएवढं ते मशीन बघायला लोक चपला बाहेर काढून आत येत. एवढी महागाची वस्तू सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या हाती द्यायची? प्रतापराव म्हणाले, "उज्जैनची गणितातली एम.एस्सी. आहे, वर्षभर इंदूरला प्रोग्रामिंग शिकलीय. तुमच्या ओळखीत असा मुलगा असेल तर पाठवा." कोणी पाठवला नाही.

हेमलताचे वडील, तात्या, कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही घरांची ओळख संस्थानाच्या काळापासूनची. त्यामुळे हेमलता प्रतापरावांना ऑफिसात 'साहेब' म्हणे आणि घरी आले की 'काका'. हे उपकार ती विसरली नव्हती. पुढे जे झालं ते उपकार विसरून झालं असं देवासात काही लोक अजून म्हणतात. ते खरं नाही.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत धार जिल्ह्यातलं एक मोठं काम केंद्राला मिळालं. सागडी नाल्यावर तलाव होत होता आणि पाच गावं पाण्याखाली जाणार होती. गावं सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला बदल्यात जमीन मिळायची होती. सर्वेक्षणाचे कागद गाठोडी बांधून आले. उमाशंकर आणि आणखी तिघं ते मशीनवर टाइप करायला बसले. उमाशंकर मूळ धारचाच, मालवीत बोलणारा, हसरा माणूस. कागदांवरची नावं मशीनमधल्या डेटाबेसमध्ये घालायची आणि तिथून पक्की यादी काढायची, हे हेमलताचं काम. यादीत नाव, तर जमीन.

डेटाबेस हा शब्दच तेव्हा नवा होता. एकेका गावाच्या नोंदी एकदम आत घालायचा हुकूम मशीनला द्यायचा. एका कुटुंबाची एक ओळ. हुकूम पार पडला की मशीन एक आकडा परत देई : इतक्या ओळी खरोखर आत गेल्या. आधी कोणी लिहून ठेवलेला प्रोग्राम तो आकडा घ्यायचाच नाही. पडद्यावर नुसतं 'काम पूर्ण' असं उमटवायचा आणि पुढच्या गावाकडे वळायचा. हेमलताला ते खटकलं. तिनं प्रोग्राममध्ये थोडी भर घातली : दर खेपेला गावाचं नाव, किती ओळी दिल्या आणि किती आत गेल्या, हे टिपून ठेवायचं आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर छापायचं. यात तिला काही शोधून काढायचं नव्हतं. भागाकार केला की गुणून पाहायचा, एवढीच ती सवय.

पहिल्या दोन गावांचे आकडे जुळले. तिसरं गाव आमलपुरा, सगळ्यांत मोठं. दिल्या चारशे बारा ओळी, आत गेल्या तीनशे एक्कावन्न.

तिला वाटलं, आपलंच चुकलं. सगळं पुसून पुन्हा चालवलं. पुन्हा तीनशे एक्कावन्न. पाचही गावं मिळून अकराशे चाळीस कुटुंबं मशीनला दिलेली होती आणि त्र्याऐंशी आत गेलेली नव्हती. पडद्यावर मात्र 'काम पूर्ण'.

कारण सापडायला वेळ लागला नाही. एकाच माणसानं दोनदा जमीन घेऊ नये म्हणून प्रकल्प कार्यालयानं एक नियम दिला होता : गाव, नाव, आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, तिन्ही सारखी असतील तर दुसरी ओळ घ्यायची नाही. नियम ऐकायला शहाणपणाचा. तिनं सुटलेली नावं काढून उमाशंकरपुढे ठेवली.

तो ती वाचत गेला आणि हसू लागला. "दीदी, ये तो होना ही था. हमारे उधर एक-एक फलिये-मोहल्ले में चार फत्तेसिंग मिल जाएँगे. और बाप भी सबके नाहरसिंग!"

"आणि या बायका? सगुणाबाई, सगुणाबाई, सगुणाबाई. नवऱ्याचं नाव काय तर तिघींचंही 'बेवा'?"

"सर्वेवाले ने पूछा होगा आदमी का नाम. औरत ने नहीं लिया. मरे हुए का कौन लेता है? उसने लिख दिया बेवा, और आगे बढ़ गया."

म्हणजे आमलपुऱ्याच्या सगळ्या विधवा सगुणाबाईंचा नवरा एकच होता, आणि त्याचं नाव बेवा. मशीननं पहिल्या सगुणाबाईला आत घेतलं होतं आणि मागच्या दोघींच्या तोंडावर दार लावलं होतं.

हेमलता अहवाल घेऊन प्रतापरावांकडे गेली. त्यांनी शेवटचं पान नीट वाचलं, प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "चांगलं पकडलंस. उद्या मी स्वतः धारला जातो." तिला अभिमान वाटला. स्वतःचाही आणि त्यांचाही.

धारहून ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"ते शेवटचं पान काढून टाक," ते म्हणाले. "आणि हा दाखला बघ. 'सर्वेक्षणातील सर्व कुटुंबांची नोंद करण्यात आली आहे.' खाली प्रोग्रामर म्हणून तुझी सही."

"सगळ्यांची झालेली नाही, साहेब."

"दुबार होत्या त्या गेल्या."

"दुबार कशावरून?"

"मशीनवरून."

"मशीन एवढंच सांगतंय की त्र्याऐंशी ओळी आत गेल्या नाहीत. ती माणसं दुबार आहेत, हे आपण म्हणतोय. मशीन नाही."

प्रतापरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हेमलता, तिथं जमीन मोजून तयार आहे. हजाराच्या वर थोडेसे तुकडे. मशीननं दिलेल्या यादीला पुरतात. त्यात आता त्र्याऐंशी वाढवायचे म्हणजे सगळी फाईल परत भोपाळला. जूनमध्ये तलाव अडवायचाय. तिथले मोठे साहेब म्हणाले, कॉम्प्युटरनं जे दिलं ते आम्हाला मान्य आहे, तुम्ही कशाला आणखी खोलात जाता?"

"यादी आधी तयार झाली की जमीन आधी मोजली?"

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा लावला.

"साहेब, जमीन कमी आहे असं त्यांनी उघड म्हणावं. लोक त्यांच्याशी भांडतील. माझ्या प्रोग्रामच्या आड का उभं राहायचं?"

"पुढची तीन वर्षांची कामं त्या एका कार्यालयावर अवलंबून आहेत. वीस माणसांचं पोट आहे इथं."

"मग दुसऱ्या कोणाची तरी सही घ्या."

"दुसरं आहे कोण?"

"मग कोणाचीच घेऊ नका," हेमलता म्हणाली, आणि दाखला टेबलावर तसाच ठेवून बाहेर आली. केबिनबाहेर टाइप करणारे चौघंही मान खाली घालून कामात होते. पडद्यांवर एकही अक्षर उमटत नव्हतं.

संध्याकाळी प्रतापराव घरी आले. हेमलताच्या आईनं, माईंनी, पोहे केले, चहा केला. हेमलता स्वयंपाकघरात थांबली. बाहेर तात्या आणि प्रतापराव हळू बोलत होते. ते गेल्यावर तात्यांनी तिला हाक मारली.

"प्रतापरावांचं म्हणणं मी ऐकून घेतलं," तात्या म्हणाले. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, कोर्टातलं. "सही ही कर्मचाऱ्याची असते, माणसाची नसते. मालकानं सांगितलं, आपण केली. जबाबदारी मालकाची."

"तुम्ही कोर्टात न वाचता सही करत होता, तात्या?"

"वाचून करत होतो."

"मीही वाचलं. ते खोटं आहे."

"तू मुलगी आहेस. नोकरी गेली तर या गावात दुसरी कोण देणार? आणि लग्नाच्या वेळी लोक विचारतील, का काढलं?"

माई कपबशा उचलत होत्या. त्या वाकलेल्याच म्हणाल्या, "विचारू देत. सांगायला लाज वाटावी असं काही नाही यात."

तात्यांनी माईंकडे पाहिलं आणि विषय तिथंच सोडला. त्यांना पटलं नव्हतं. ते तिच्याशी बरेच दिवस मोजकंच बोलले.

त्याच दिवसांत उमाशंकर धारला जाऊन आला आणि बातमी घेऊन आला. कच्ची यादी प्रकल्प कार्यालयाच्या भिंतीवर लावली होती. ज्यांचं नाव नाही त्यांना बाबू सांगत होता, तुमचं नाव कॉम्प्युटरनं काढलं, कॉम्प्युटर चुकत नाही, घरी जा.

"मला घेऊन चल तिथं," हेमलता म्हणाली.

रविवारी दोघं निघाले. इंदूर, मग धार, मग मांडूची बस. घाटाच्या अलीकडे उतरून कच्च्या रस्त्यानं चालत. आमलपुरा नाल्याच्या दोन्ही काठांवर पसरलेलं होतं. मोहाच्या फुलांचा वास सगळीकडे. चौथऱ्यावर लोक जमले. कॉम्प्युटरवाली बाई आलीय म्हटल्यावर आधी कोणी बसायलाही सांगेना.

उमाशंकरनं मालवीत समजावलं. मग एक उंच माणूस पुढे आला. "म्हारो नाम फत्तेसिंग. बाप को नाम नाहरसिंग. म्हारे के बोल्या, थारी जमीन तो मिल गई. किधर मिली? म्हने तो देखी नी."

त्याच्या मागून एक ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस बोलला, "इके नी मिली, म्हारे मिली. म्हारो नाम बी फत्तेसिंग. बाप नाहरसिंग."

"दोघांचा बाप एकच?" हेमलतानं विचारलं.

सगळे हसले. ठेंगणा म्हणाला, "इको बाप तो म्हारे से बी छोटो थो."

ती हसली नाही. तिला शरम वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. ही दोन माणसं एका चौथऱ्यावर शेजारी उभी होती, एकाच्या खांद्याला दुसऱ्याचं डोकं लागत होतं, आणि धारमधले ऑफिसवाले त्यांना एक म्हणत होते.

बायकांच्या घोळक्यातून एक पुढे आली. काळी, काटक, हातात कोयता. बहुधा चारा कापता कापताच आली होती. "हूं सगुणाबाई," ती म्हणाली. "बाबू बोल्यो, थारो नाम नी है, तू बेवा है. बेवा हूं. मरी नी हूं अबी."

"तुझ्या माणसाचं नाव काय होतं?"

सगुणाबाईनं मान फिरवली. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, "दल्ला."

"सर्वेवाल्याला का नाही सांगितलं?"

"पूछ्यो किने?" सगुणाबाई म्हणाली. "उने पूछ्यो, आदमी है? हूं बोली, नी है. उने लिख्यो."

हेमलता दुपारभर फिरली. नाल्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन तिनं सुटलेली माणसं डोळ्यांनी पाहिली. काही नोंदी खऱ्याच दुबार निघाल्या : एका घरातल्या बापानं आणि मुलानं बापाच्याच नावावर तीच शेती दोनदा लिहवली होती. तेही तिनं टिपून घेतलं. परतीच्या बसमध्ये उमाशंकर म्हणाला, "दीदी, मैं पाँच बच्चोंवाला आदमी हूँ. सामने खड़ा नहीं हो पाऊँगा."

"मी सांगितलंय का?"

"नहीं. इसलिए तो पहले ही बता रहा हूँ."

सोमवारी ती ऑफिसात पोचली तर कॉम्प्युटरच्या खोलीत इंदूरहून आलेला एक अनोळखी तरुण बसला होता. तिनं घातलेली भर त्यानं काढून टाकली होती. आता पुन्हा नुसतं 'काम पूर्ण'. दाखल्यावर प्रतापरावांनी स्वतः सही केली होती. गुरुवारी धारला शिबिर होतं. भोपाळहून वरिष्ठ अधिकारी येणार, यादी वाचून दाखवणार आणि तीच कायम होणार.

"मला गुरुवारची सुट्टी हवी," हेमलता प्रतापरावांना म्हणाली.

"कशासाठी?"

"धारला जायचंय."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर बिनपगारी जाईन."

प्रकल्प कार्यालयाच्या अंगणात कनात लावली होती. पुढे टेबलाशी अधिकारी, त्यांच्या एका बाजूला तिथले मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला प्रतापराव. समोर सतरंज्यांवर पाच गावं. हेमलता बायकांमध्ये बसली, सगुणाबाईशेजारी. प्रतापरावांना ती दिसली आणि त्यांनी नजर वळवली.

मोठे साहेब माईकवर बोलू लागले. हे काम प्रथमच कॉम्प्युटरनं झालं आहे, कसलाही पक्षपात नाही, सर्व कुटुंबांची नोंद झालेली आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी समजून घ्यावं की मशीनला कोणी आपला नाही आणि कोणी परका नाही.

हेमलता उभी राहिली. तिनं एका हातानं कनातीचा बांबू धरला.

"साहब, मशीन को कितने नाम दिए थे?"

"आप कौन?"

"इस लिस्ट के नाम मशीन में मैंने डाले थे. ग्यारह सौ चालीस नाम दिए गए थे. मशीन ने एक हज़ार सत्तावन लिए. तिरासी नहीं लिए. यह गिनती मशीन ने खुद बताई थी. वह पन्ना निकाल दिया गया."

अंगणात गलका उठला. मोठे साहेब म्हणाले, "ये अधिकृत नहीं हैं. बैठ जाइए."

प्रतापराव उठले. हिंदीतून मराठीत आले, जसं घरच्या माणसाशी बोलावं तसं. "हेमलता, खाली बस."

"नाही बसत, काका," ती म्हणाली.

तिनं लोकांकडे तोंड केलं. "आमलपुरा के फत्तेसिंग, बाप नाहरसिंग, खड़े हो जाओ."

दोघं उठले. मग पलीकडून तिसरा उठला. मोठे साहेब माईक हातात धरून बघत राहिले. पुढे तिला कोणाला उठवावं लागलं नाही. ज्यांची नावं नव्हती ते आपणहून उठू लागले. सगुणाबाई तिच्या शेजारी उठली, मग दुसरी सगुणाबाई, मग तिसरी. माईकवरून कोणीतरी ओरडत होतं, बैठो, बैठो, कॉम्प्युटर की लिस्ट है! मागून आवाज आला, "तो कॉम्प्युटर के बुलाव! म्हारे सामने बोले के हम एक हैं!"

भोपाळचे अधिकारी आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. बारीक, थकलेले गृहस्थ. त्यांनी माईक बाजूला सारला आणि प्रतापरावांना विचारलं, "मशीन यह गिनती देती है? कितने गए, कितने नहीं गए?"

अंगण थोडं शांत झालं. प्रतापरावांना खोटं बोलता आलं असतं. तिथं त्यांच्याशिवाय आणि हेमलताशिवाय मशीनबद्दल कोणाला काही कळत नव्हतं.

"देती है," ते म्हणाले.

"और वह तिरासी कम थी?"

"जी."

अधिकाऱ्यांनी यादी बंद केली. त्र्याऐंशी कुटुंबांची गावात जाऊन पुन्हा पडताळणी होईल, तोवर यादी कायम होणार नाही, असं त्यांनी तिथंच लिहून दिलं. मोठे साहेब जूनबद्दल काहीतरी बोलू लागले. अधिकारी म्हणाले, "तो जून में मत रोकिए पानी."

बाहेर प्रतापरावांची जीप उभी होती. ते दाराशी थांबले. "चल, देवासलाच जायचंय तुलाही."

"बसनं येते."

"तू माझं नाक कापलंस सगळ्यांसमोर."

"तुम्ही शेवटी खरं बोललात," हेमलता म्हणाली. "तेवढं मी कधी विसरणार नाही. पण जीपमध्ये नाही बसणार."

पडताळणी झाली. त्र्याऐंशींपैकी एकाहत्तर कुटुंबं वेगळी निघाली, बारा खरी दुबार. एकाहत्तरांची नावं यादीत गेली. केंद्राचं धारचं काम मात्र बंद झालं, पुढच्या तीन वर्षांची कामंही गेली. प्रतापरावांनी हेमलताला बोलावलं आणि म्हणाले, "मी तुला काढत नाही. तू राजीनामा दे. दोघांचीही अब्रू राहील."

"मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर काढा, आणि का काढलं ते लिहून द्या."

त्यांना ते लिहवेना. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तिच्याकडून घेतली. तिची खुर्ची बाहेर व्हरांड्यात गेली. कामाचा कागद तिच्याकडे येईना. ती रोज वेळेवर येई, खुर्चीवर बसे, घरून आणलेलं गणिताचं पुस्तक वाचे, वेळ झाली की उठे. येणारे-जाणारे बघत. उमाशंकर रोज सकाळी चहाचा पहिला ग्लास तिच्याकडे आणून ठेवी, सगळ्यांच्या देखत. त्याला जेवढं जमत होतं तेवढं तो करत होता, आणि त्यात त्याची भीती रोज थोडी कमी होत होती, असं तिला वाटे.

उन्हाळा वाढला. व्हरांड्यात झळा येऊ लागल्या. एक दिवस प्रतापराव स्वतः बाहेर आले आणि एक बंद पाकीट तिच्या हातात देऊन आत गेले.

घरी तात्यांनी ते पत्र मागून घेतलं. चष्मा लावून, कोर्टात निकाल वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. "'वरिष्ठांचा आदेश न पाळल्याबद्दल सेवामुक्त करण्यात येत आहे.'" पुन्हा एकदा मनात वाचलं. मग घडी घालून तिला परत दिलं.

"मसुदा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कुठे चोरीचा, कामचुकारीचा आरोप नाही. सांभाळून ठेव. दाखवायला लागेल."

"कुणाला?"

"नोकरी देणाऱ्याला. आणि मुलाकडच्यांना. ज्यांना हे वाचून तू नको वाटशील, त्यांच्या घरी तुला पाठवायचं नाही." एवढं बोलून ते पूजेला गेले.

इंदूरच्या एका कारखान्यातल्या मुलाखतीत तिनं ते पत्र सगळ्यांत आधी टेबलावर ठेवलं. समोरच्या माणसानं विचारलं, कोणता आदेश? तिनं सांगितलं. त्यानं नोकरी दिली नाही. दुसऱ्या ठिकाणीही नाही मिळाली. तिसऱ्या ठिकाणी मिळाली, तिथल्या बाईंनी पत्र वाचून विचारलं, "आमच्याकडे तसा आदेश दिला तर?" हेमलता म्हणाली, "तर तुम्हालाही असंच पत्र लिहावं लागेल." मग ती रोज देवासहून इंदूरला बसनं जाऊ लागली. तिच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी किती ओळी दिल्या आणि किती आत गेल्या, हे छापलेलं असे. कोणी वाचो, न वाचो.

पुढच्या वर्षी तलाव अडवला गेला. आमलपुरा गाव उठून नव्या जागी गेलं. उंच आणि ठेंगण्या अशा दोन्ही फत्तेसिंगांना लागून लागून तुकडे मिळाले आणि पहिल्याच पेरणीत बांधावरून त्यांचं भांडण झालं, असं उमाशंकरनं हसत हसत सांगितलं. मग तो गंभीर झाला. "सगुणाबाई को पथरीली दी है, दीदी. कुदाल नहीं घुसती. बाद में जुड़ी दूसरी सगुणाबाई को भी वैसी ही. जो बाद में जुड़े, उनमें ज़्यादातर को बची-खुची. वो अड़ गई है. कहती है, नहीं लूँगी. कार्यालय के दरवाज़े पर बैठी है."

"कधीपासून?"

"हाट के दिन से."

हेमलतानं सुट्टी टाकली. माईंनी भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली, दोघींना पुरेल एवढी. धारला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कार्यालयाच्या पायरीवर सगुणाबाई मांडी घालून बसली होती, पुढ्यात एक मोठा दगड ठेवून. आपल्या तुकड्यातून उचलून आणलेला. आत-बाहेर करणाऱ्यांना तिला वळसा घालून जावं लागत होतं.

हेमलता शेजारी बसली. भाकरी सोडली. सगुणाबाईनं अर्धी मोडून घेतली.

थोड्या वेळानं बाबू बाहेर आला. एकीकडे सुती साडीतली शहरी बाई, दुसरीकडे सगुणाबाई, मध्ये दगड. तो वैतागून म्हणाला, "अब आप कौन? इसकी क्या लगती हैं?"

"कुछ नहीं लगती," हेमलता म्हणाली. "बैठी हूँ."

"कब तक?"

सगुणाबाईनं तोंडातला घास गिळला आणि त्याच्याकडे वर बघत म्हणाली, "थारे काम है तो जा. म्हारे तो आज कांई काम नी है."